बाद ठरवलेली चिठ्ठी

आमच्या शाळेत दर शनिवारी शेवटच्या दोन तासांना छंदवर्ग असतात. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी. चित्रकला, लेझीम, हार्मोनियम, परसबाग, मेंदी, शिवणकाम, आणि तीन वर्षांपूर्वीपर्यंत पोहणे. कोणत्या मुलाने कोणत्या वर्गात बसायचं ते ठरवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. हे काम कुणालाच नको असतं. पालक येऊन बसतात, मुलं रुसतात, ज्याच्या वर्गाला पोरं कमी पडतात तो शिक्षक फुगून बसतो. मी कमी बोलतो आणि माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून ते माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं.

त्या कामात मी एक गोष्ट केली. आजवर कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितली नाही. न विचारलेलं सांगायचं नाही ही आमच्या घरातली जुनी सवय. वडील शिक्षक, आजोबाही शिक्षक. घरात सगळे तोलून मापून बोलायचे. त्या सवयीचा मला फार उपयोग झाला.

शाळा संगमनेरच्या पठारावर आहे. खाली प्रवरेकाठी ऊस आहे, कालवे आहेत. वर आमच्याकडे वारा आणि मुरूम. डाळिंब आणि कांदा जगवायचा तर पावसाळ्यात पाणी धरून ठेवावं लागतं, म्हणून घराघरापाशी शेततळी झाली. एसटीच्या खिडकीतून बघितलं तर माळावर काळे चौकोन दिसतात. जमीन खोदायची, चारही बाजूंना उतार काढायचे आणि वर काळ्या प्लास्टिकचं अस्तर अंथरायचं. पाणी झिरपत नाही. पण ते अस्तर ओलं झालं, त्यावर शेवाळ धरलं, की आत पडलेलं काही बाहेर येत नाही. कुत्रं पडलं तर पाय मारत मारत काठाशी येतं, घसरतं, पुन्हा येतं, पुन्हा घसरतं. मी एकदा पाहिलं आहे. अर्धा तास चाललं होतं ते. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावाहून माणसाची बातमी यायची. स्टाफरूममध्ये कुणीतरी ती मोठ्याने वाचायचं, कुणीतरी च्च करायचं आणि मग चहा यायचा.

पोहण्याचा वर्ग त्या बातम्यांतूनच सुरू झाला. शिकवायला आले ते एक साठीचे गृहस्थ. त्यांचा धंदा विहिरीत बुडालेल्या पाण्याच्या मोटारी काढण्याचा. तालुक्यात कुठे माणूस बुडालं तरी निरोप त्यांनाच जायचा. मुलं त्यांना पाणबुडे काका म्हणायची. शाळेमागे एका शेतकऱ्याची पायऱ्यांची विहीर आहे, तिथे वर्ग भरायचा. बारा मुलं, त्याहून एक जास्त घेणार नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी मोठ्या सरांना सांगून टाकलं होतं. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक.

पहिल्या शनिवारी मी हजेरीचा कागद घेऊन विहिरीवर गेलो, तर एकही मूल पाण्यात नव्हतं. बाराही जण पायऱ्यांवर बसून दोराला गाठी मारत होते. प्रत्येकाने घरून एक जाड दोर आणि गोडेतेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन आणला होता. हातभर अंतरावर एक गाठ. शेवटाला बूच घट्ट लावलेला कॅन. कॅनवर ज्याचा त्याचा वर्गातला नंबर लाल रंगाने लिहिलेला.

"हे काय पोहणं?" मी विचारलं.

"पोहणं तिसऱ्या शनिवारी," काका म्हणाले. "पाण्यात उडी घेनारा वाचवत न्हाई सर, दुसरा जातो. आधी काठावर उभं ऱ्हायला शिकायचं."

दोराचं एक टोक घरच्या तळ्याच्या काठावर पहार ठोकून बांधायचं आणि कॅन पाण्यावर तरंगत सोडायचा. आत कुणी पडलं तर गाठी धरून वर यावं. घरी तळं नसेल त्याने शेजाऱ्याच्या तळ्याला दोर बांधायचा. काका पुढच्या रविवारी सायकलवरून हिंडून प्रत्येक दोर ओढून बघायचे. हे सगळं मला वर्गाच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पुढे मी जे केलं ते हे ठाऊक असताना केलं, म्हणून आधी सांगतो.

जूनमध्ये मुलांना एकेक चिठ्ठी द्यायची. पाव कागदाची. त्यावर तीन ओळी: पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती. खाली पालकांची सही. तिन्ही ठिकाणी वेगवेगळे वर्ग लिहायचे, एकच वर्ग दोनदा लिहिला तर चिठ्ठी बाद. हा नियम मी केलेला. मुलं हट्टाने एकच वर्ग लिहायची आणि मला यादी बसवता यायची नाही, म्हणून.

त्या वर्षी तीन चिठ्ठ्या तशा आल्या. दोन आठवीतल्या मुलांच्या. तिसरी सातवीतल्या एका मुलीची. तिने तिन्ही ओळींवर पोहणे, पोहणे, पोहणे असं लिहिलं होतं. खाली तिच्या आईची सही होती, मोठी, एकेक अक्षर सुटं, शेवटचं अक्षर जागेत न मावल्यामुळे जरा वर चढलेलं.

दोन्ही मुलांना मी स्टाफरूममध्ये बोलावलं, रागावलो आणि नवी चिठ्ठी दिली. त्यांनी पहिल्या ओळीवर पोहणे लिहून बाकीच्या ओळी भरल्या. दोघांनाही पोहणं मिळालं.

मुलीला मी बोलावलं नाही. तिच्या चिठ्ठीवर लाल शाईने बाद असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि तिचं नाव शिवणकामाच्या यादीत विसाव्या क्रमांकावर टाकलं.

विसाव्याच का, ते सांगतो. शिवणकामाचा वर्ग माझी पत्नी घ्यायची. वीस मुलं भरली नाहीत तर तो वर्ग मेंदीच्या वर्गात मिसळायचा, असं मोठे सर म्हणाले होते. मेंदीच्या बाई स्टाफरूममध्ये मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या होत्या, "सरांच्या घरचा वर्ग आहे, वीस काय, पंचवीस भरतील." सगळे हसले. मीही हसलो. यादीत तेव्हा एकोणीस नावं होती.

आम्हाला मूल नाही. पत्नीचं शिवणयंत्र कितीतरी वर्षं घरात चादरीखाली झाकलेलं होतं. तिच्या लग्नात माहेरहून आलेलं. आधी तिने त्यावर झबली शिवून ठेवली होती, मग ती कुणाकुणाला देऊन टाकली, आणि एक दिवस यंत्रावर चादर पडली. तिच्याविषयी याहून जास्त मला लिहिता येत नाही. छंदवर्ग सुरू झाला तेव्हा ती चादर निघाली. संगमनेरच्या शिंप्यांकडून कातरणीची गाठोडी आणताना, मुलींना दोरा ओवायला शिकवताना ती गुणगुणायला लागली. दुसऱ्या खोलीत बसून मी ते ऐकायचो. ते थांबू नये म्हणून मला एक नाव हवं होतं. समोर एक बाद चिठ्ठी होती.

यादी लागली त्या दिवशी ती मुलगी सायकली लावायच्या पत्र्यापाशी माझी वाट बघत उभी होती. बारीक चणीची, वेण्या घट्ट, गणवेशाला कुठेही सुरकुती नाही. तिने तक्रार केली नाही. आपलं काही चुकलं का, एवढंच विचारलं. मी नियम सांगितला. ती म्हणाली, पोहण्याशिवाय दुसरं काही नको होतं, म्हणून दुसरं काही लिहिलं नाही. खोटं कशाला लिहायचं.

मग म्हणाली, "सर, आमच्या दारातच तळं झालंय. आई तिथूनच पानी काढती. मला लई भ्या वाटतं."

"वडिलांना सांग, कुंपण घालायला."

"सांगितलं. पुढच्या साली घालू म्हनले."

"मग तूही पुढच्या वर्षी शीक."

ती मान हलवून गेली. हे एवढंच झालं. आवाज चढला नाही, कुणी रडलं नाही. एक दोर आण, त्याला गाठी मार, असं मी तिथल्या तिथे सांगू शकलो असतो. त्याला वर्ग लागत नाही, यादी लागत नाही. पण मी त्या वेळी यादीचा विचार करत होतो. ती दिसेनाशी झाल्यावर मला हायसं वाटलं, तेही लिहून ठेवतो.

दिवाळीनंतर पोहण्याच्या वर्गातली दोन मुलं गाव सोडून मामाकडे शिकायला गेली. पाणबुडे काका स्टाफरूमच्या दाराशी येऊन चपला न काढता उभे राहिले आणि दोन जागा झाल्यात, कुणाला द्यायच्या असतील तर द्या, म्हणाले. पोरगी असली तरी चालेल, तीन पोरी हायेतच, असंही म्हणाले. मी बघतो म्हणालो. ती तिकडे गेली असती तर शिवणकामात पुन्हा एकोणीस झाले असते. मी बघितलं नाही. पुढच्या शनिवारी काकांनी पुन्हा विचारलं, तेव्हा आता अर्धं वर्ष गेलं, नवं मूल मागे पडेल, असं कारण मी दिलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पाण्याखाली डोळे उघडे ठेवणाऱ्या माणसाची ती नजर असेल, मला उगाच तसं वाटलं असेल.

शिवणकामात प्रत्येकीची एक नमुना वही असते. कपडा बेतण्याआधी कागदावर लहान मापाचं बेतायचं, कापायचं आणि वहीत चिकटवायचं. झबलं, टोपरं, परकर, पिशवी. कागद विकत आणायचा नाही, पाठकोरे वापरायचे, ही आमच्या शाळेची पद्धत. एका बाजूने छापलेले, लिहिलेले, जुने कागद ऑफिसच्या कपाटातून आणायचे आणि कोऱ्या बाजूवर काम करायचं. माझ्या छंदवर्गाच्या चिठ्ठ्याही यादी लागली की त्याच कपाटात जायच्या. पत्नीने तिथूनच गठ्ठा नेला होता. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

जानेवारीत वार्षिक प्रदर्शन असतं. वह्या मांडण्याआधी माझी सही लागते. दुपारी रिकाम्या वर्गात बसून मी एकामागून एक वही उघडत होतो. त्या मुलीची वही आली. काम सुरेख होतं. तिसऱ्या पानावर झबलं होतं, बोटभर लांबीचं, गळा नीट गोल कापलेला. बाजूला पत्नीने छान असा शेरा देऊन सही केली होती. बाकी सगळे नमुने पूर्ण चिकटवलेले, हे झबलं मात्र फक्त खांद्यांपाशी चिकटवलेलं होतं. खिडकीतून वारा आला आणि ते उचललं गेलं.

कागदाच्या खालच्या बाजूला माझी लाल शाई होती. बादमधलं बा. त्याच्यावर पोहणे, पोहणे, आणि तिसऱ्या ओळीतलं नुसतं पो, कारण तिथे बाहीचा बाक आला होता. घेराच्या कडेला तिच्या आईची सही अर्धी कापली गेली होती.

गठ्ठ्यातून ती चिठ्ठी तिच्या हाती आपोआप आली की तिने शोधून घेतली, हे मला माहीत नाही. मी बघावं म्हणून तिने ते तसं चिकटवलं का, हेही माहीत नाही. मी मात्र ते मलाच उद्देशून आहे असं धरलं. बारा वर्षांच्या मुलीची मला भीती वाटली. दार लावून घेतलं, पट्टी धरली आणि ते पान आवाज न होऊ देता फाडून घेतलं. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. मग उरलेल्या सगळ्या वह्यांवर सह्या केल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी ती आपल्या वहीपाशी उभी होती. एक पाहुणे वही चाळत होते आणि ती त्यांना सांगत होती, हे टोपरं, हा परकर. पाहुणे पुढे गेल्यावर ती माझ्याकडे आली.

"सर, माझं झबलं न्हाई."

"पडलं असेल कुठेतरी."

"पान न्हाई."

मी म्हणालो, गर्दीत लहान मुलं वह्या ओढतात. तिने ऐकून घेतलं. बरं म्हणाली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. नमस्कार मात्र रोज करायची.

संध्याकाळी घरी ताट वाढताना पत्नी म्हणाली, त्या पोरीच्या वहीतलं तिसरं पान कुठे गेलं? मी माहीत नाही म्हणालो. शर्ट समोर खुंटीवर होता. तिने भात वाढला.

मार्चमध्ये एका सणाची सुट्टी होती. त्या दिवशी दुपारी बातमी आली. आम्ही चार-पाच शिक्षक मोटारसायकलींवरून गेलो.  मला घर ठाऊक नव्हतं, पण विचारावं लागलं नाही. माळावरची माणसं एकाच दिशेने चालली होती.

मुलीचे वडील पहाटेच घोडेगावच्या बाजारात गाय बघायला गेले होते. तळ्यातल्या पाइपाच्या तोंडाशी घाण अडकून पाणी येईना, म्हणून आई वासराला पाणी आणायला बादली घेऊन काठावर गेली. उतारावर एक पाय ठेवला आणि घसरली. मुलगी आणि तिची नऊ वर्षांची धाकटी बहीण अंगणातच होत्या. मुलीने ओढणी टाकली. आईच्या हाताला ती लागली, पण ओढताना मुलगीच सरकायला लागली, आणि धाकटी तिला धरायला पुढे आली. तेव्हा मुलीने ओढणी सोडली. धाकटीला उचलून गोठ्यात नेलं, बाहेरून कडी लावली आणि धावत सुटली.

दोन शेतं ओलांडून शेजाऱ्यांचं तळं आहे. त्यांचा मुलगा पोहण्याच्या वर्गात होता. वर्षभर तो शाळेत सांगायचा, आमच्या तळ्याला दोर आहे, काकांनी स्वतः ओढून बघितला. ती तो दोर सोडायला गेली होती. पहारेची गाठ ओल्या दोराने आवळलेली, ती दातांनी सोडवावी लागली. दोर घेऊन ती परत धावली.

ती आली तेव्हा पाणी सपाट झालं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा काकांनी आईला बाहेर काढलं होतं. वर चादर घातली होती. त्यांच्या अंगावरून पाणी गळत होतं आणि ते काठावर उकिडवे बसले होते. शेजारी दोर पडला होता, भाऱ्यासारखा गुंडाळलेला, आणि कॅन. कॅनवर लाल रंगात सात. मुलगी घराच्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्या ओठाला दोराने चिरलं होतं.

काका माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "सर, ह्या तळ्याला दोर न्हवता."



लोक नंतर पुष्कळ बोलले. बारा वर्षांच्या पोरीला पोहता आलं असतं तरी आईला काढता आलं नसतं. उडी घेतली असती तर दोघी गेल्या असत्या. हे सगळं खरं असेल. मीही स्वतःला हेच समजावत आलो. पण पोहणं तिसऱ्या शनिवारी होतं. पहिल्या शनिवारी दोर होता. ती त्या पायऱ्यांवर बसली असती तर तिच्या दारात नंबर घातलेला एक कॅन तरंगत असता. यापुढे माझं समजावणं चालत नाही.

आठ दिवसांनी शाळेत सभा झाली. दोन मिनिटं उभे राहिलो. मग मोठे सर म्हणाले, पालक घाबरलेत, उद्या आपल्या वर्गात काही झालं तर जबाबदारी कुणाची? पोहण्याचा वर्ग बंद करावा असं ठरलं. ठराव लिहायला वही माझ्याकडे सरकवली, अक्षर चांगलं म्हणून. पालकांच्या भावना लक्षात घेऊन सदर वर्ग स्थगित करण्यात येत आहे, असं मी लिहिलं. एकदाही खाडाखोड झाली नाही.

मुलगी तेराव्यानंतर शाळेत आली. शनिवारी शिवणकामाला बसली. पत्नी घरी येऊन म्हणाली, पिशवी शिवली तिने आज, टाके एकसारखे. मग म्हणाली, माझे डोळे दुखतात हल्ली, पुढच्या वर्षी वर्ग नको. यंत्रावर पुन्हा चादर आली. तिला किती ठाऊक आहे, हे मी आजतागायत विचारलेलं नाही. तिने सांगितलेलं नाही. घरात आम्ही दोघं आहोत आणि ते पान आहे, माझ्या कपाटात, दाखल्यांच्या फायलीखाली.

मग मी चालायला लागलो. शाळा सुटली की रोज एका वाटेने. लोकांना वाटतं, सरांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मी तळी बघत जायचो. जिथे कॅन तरंगतो तिथे त्या वर्गातलं एखादं मूल राहत असे. उन्हाने कॅन पिवळे पडत गेले, नंबर पुसत गेले. काही दोर कुजले. नवी तळी होत गेली, त्यांना दोर नव्हतेच, कारण वर्ग नव्हता. बिनदोराच्या तळ्यांची नोंद मी एका वहीत ठेवू लागलो. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. यादी करणं मला येतं.

या जूनमध्ये चिठ्ठ्या वाटल्या. पर्यायांत पोहणे नाही, हे सांगायला नको. सहावीचा गठ्ठा बघताना एक चिठ्ठी हाताला लागली. तिन्ही ओळींवर पोहणे. खाली पालकांच्या जागी जी सही होती, ती मी नमुना वहीच्या पहिल्या पानावर पाहिली होती. थोरल्या बहिणीची, म्हणजे त्याच मुलीची. ती आता संगमनेरला अकरावीत आहे, एसटीने जाते. धाकटी आमच्या शाळेत आली होती.

नियमाप्रमाणे ती चिठ्ठी दोनदा बाद होती: एकच वर्ग तीनदा, आणि तोही पर्यायांत नसलेला. तीन दिवस ती टेबलावर होती आणि प्रत्येक वेळी हात लाल पेनाकडे जाई. शेवटी चिठ्ठी खिशात घालून मी काकांच्या घरी गेलो. ते अंगणात मोटारीचं कॉइल उलगडत बसले होते. पुन्हा वर्ग घ्याल का, असं विचारलं. त्यांनी तारेचे आणखी दोन वेढे सोडवले. मग म्हणाले, शाळेच्या नावावर नको, शाळा बंद करती. "तुमच्या नावानं लिहून द्या. मग येतो."

मोठे सर आता दुसरे आहेत. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत सर, कशाला पाण्यात पडता?" स्वतःच्या बोलण्यावर ते हसले, मग माझं तोंड बघून थांबले. सगळी जबाबदारी माझ्यावर राहील असं मी लिहून दिलं. खाली सही करताना पहिल्यांदाच माझं अक्षर बिघडलं.

गेल्या शनिवारी पहिला वर्ग झाला. बारा मुलं, बारा दोर, बारा कॅन. विहिरीचं पाणी बरंच खाली होतं आणि आवाज वर घुमून येत होते. मी पायऱ्यांच्या तोंडाशी उभा राहून मुलं मोजत होतो. बारा. पुन्हा बारा.

थोरली बहीण धाकटीला सोडायला आली होती. कॉलेज बुडवून. मी तिला बाजूला, चिंचेखाली बोलावलं. खिशातून पान काढलं आणि तिच्या हातात दिलं. मी सांगितलं की ते मी फाडलं. मुलांना नव्या चिठ्ठ्या दिल्या आणि तुला दिली नाही, आणि का दिली नाही, तेही सांगितलं. दिवाळीनंतरच्या दोन जागा सांगितल्या. एवढं मी आयुष्यात एका दमात बोललो नसेन. माफी शब्द तोंडात आला होता, पण तेही तिच्याकडे काही मागणंच झालं असतं, म्हणून गिळला.

तिने झबलं उचलून खालचं बघितलं. अर्ध्या सहीवर अंगठा ठेवला. ओठावर त्या चिरेची बारीक रेघ अजून आहे.

"आईला ही सही करायला लई येळ लागल्ता," ती म्हणाली. "मी मागं उभी हुते. पोरगी पवायला शिकंल म्हनून तिनं तीनदा पुसलं, इथंच करायची ना, इथंच ना."

तिने सहीवरचा अंगठा उचलला.

"मला ठाव हुतं, सर. पान तुमीच घेतलं. दुसऱ्या कुनाला कशाला लागल?"

तिने पान होतं तसं घडी केलं आणि माझ्यापुढे धरलं. मी म्हणालो, हे तुझं आहे.

"न्हाई. तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

मी ते घेतलं. ती जाऊन विहिरीच्या कठड्याशी उभी राहिली, बहिणीवर नजर ठेवून. खाली काका गाठी तपासत होते. धाकटीची गाठ त्यांनी दोनदा ओढून बघितली, मान हलवली. ती कॅन कडेवर घेऊन पायऱ्या चढून वर आली. तिच्या कॅनवर तीन होता, रंग अजून ओला.

"सर," ती म्हणाली, "आमच्या तळ्याला हाय दोर. त्यो साताचा. हा कुठं बांधू?"

मी बिनदोराच्या तळ्यांची वही उघडली. नावं वाचत गेलो. पान उलटलं, पुढचंही भरलेलं होतं. शाळेच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच, गेल्या महिन्यात एक तळं झालं आहे, अजून पाणी भरलेलं नाही, पाऊस झाला की भरेल. त्या घरात दोन लहान मुलं आहेत. मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

तिने वाकून नाव वाचलं आणि विचारलं, "आनि बाकीच्यांना?"